खार्तुमजवळच्या बहरीतल्या मावशींना अनावृत पत्र

आदरणीय मावशी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे ते तुमच्यासाठी नाही हे उघडच आहे. तुम्हांला जे सांगायचे ते मी माझ्या मोडक्यातोडक्या अरबीत तुमच्या भाच्याकरवी कळवले आहे. इथे लिहितो आहे ते आमच्या माणसांना कळावे म्हणून. एप्रिल-मे २०२३ मध्ये सुदानमधून सुमारे ३,८०० भारतीयांची ‘ऑपरेशन कावेरी’तून सुटका झाली, तेव्हा आमच्याकडच्या बातम्यांत नौदलाची जहाजे होती, हवाई दलाची विमाने होती आणि विमानतळावरचे स्वागत होते. त्या सर्वांचे ऋण मी मानतोच. मात्र पोर्ट सुदानच्या धक्क्यावर पोहोचेपर्यंत आम्हांला जिवंत कोणी ठेवले, हे विचारण्याची गरज कोणालाही वाटली नाही.

१५ एप्रिलला राजधानी खार्तुममध्ये तोफा धडाडू लागल्या, तेव्हा रमजानचे शेवटचे दिवस चालू होते. ज्या दोघांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये मिळून नागरी सरकार उलथवले, तेच लष्करप्रमुख जनरल बुरहान आणि निमलष्करी दलाचे प्रमुख हेमेती आता ते दल सैन्यात कधी आणि कोणाच्या हुकमाखाली विलीन करायचे यावरून भर वस्तीत एकमेकांवर तोफा डागत होते. ज्या कंपनीसाठी आम्ही राबत होतो, तिच्या साहेबांनी आमचा पगार थकवून आपापले फोन बंद केले. नाईलच्या काठावरचे बहरीचे जलशुद्धीकरण केंद्र पहिल्याच दिवसांत बंद पडले आणि चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात सगळ्या उपनगराचे नळ कोरडे झाले.

तुमच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली वाटसरूंसाठी ठेवलेला तो मातीचा रांजण मला विसरता येत नाही. पाणी बंद झाल्यावर गल्लीतल्या अनेकांनी आपले रांजण आत घेतले, आणि त्यासाठी त्यांना बोल लावण्याचा हक्क कोणालाही नव्हता. तुमचा भाचा गोळीबाराच्या अधल्यामधल्या शांततेत गाढवगाडीवरून नदीचे गढूळ पाणी आणी, तुम्ही ते फडक्यातून गाळत असा आणि घरातली भांडी रिकामी असतानाही आधी बाहेरचा रांजण भरत असा. त्यातून आम्ही पाणी नेले, अनोळखी बायका-मुलांनी नेले, आणि तुमच्याच शेजाऱ्यांची घरे लुटणारी बंदूकधारी पोरेही तिथेच पाणी पिऊन गेली. तुम्ही कोणालाही अडवले नाहीत. मी एकदा न राहवून विचारले, तेव्हा तुम्ही फक्त डाव्या हाताने मला बाजूला सारून कळशी रिकामी केलीत. आमच्याकडच्या पाणपोईवर देणाऱ्याचे नाव दगडात कोरलेले असते, कधी कधी पाण्यापेक्षा ते नावच ठळक असते.

जहाजातून आम्ही सौदी अरेबियातल्या जेद्दाला उतरलो. त्याच शहरात ११ मे रोजी दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींनी नागरिकांचे रक्षण करण्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, आणि तरीही गोळीबार थांबला नाही. काही पाश्चात्त्य दूतावासांनी तर घाईघाईने निघताना व्हिसासाठी आलेले सुदानी नागरिकांचे पासपोर्ट कुलपात ठेवले किंवा नष्ट केले. म्हणजे ज्यांना पळून जाणे शक्य होते, त्यांचीही वाट बंद झाली. आम्हांला न्यायला निदान आमचे जहाज तरी आले. तुमच्यासाठी कोणाचेच आले नाही, आणि हे ठाऊक असूनही आम्ही निघताना तुमच्या चेहऱ्यावर हेव्याची रेषही नव्हती, याचे मला अजून नवल वाटते. एक कोटीहून अधिक माणसे बेघर झाली, पश्चिमेकडच्या दारफूरमधल्या अल जिनैनात मसालित जमातीच्या लोकांचे शिरकाण झाले, २०२४ मध्ये तिथल्याच झमझमच्या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ जाहीर झाला, आणि दीड वर्षाच्या वेढ्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये अल फाशिर शहर निमलष्करी दलाच्या हाती पडले तेव्हा तिथे जे घडले ते लिहिण्याचे बळ माझ्यात नाही.

तुमच्या भाच्यासारखी मुले, ज्यांनी २०१९ च्या हुकूमशाहीविरोधी आंदोलनात मोहल्ला समित्या चालवल्या होत्या, तीच पुढे आपत्कालीन कक्ष उभारून मोहल्ल्यामोहल्ल्यांत अन्न शिजवू लागली. या कक्षांना २०२५ चा ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला, हे वाचून मला घरातले कोणी परीक्षेत पहिले आल्यासारखा आनंद झाला. पण त्याच वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेने मदत रोखल्यामुळे अशी शेकडो स्वयंपाकघरे बंद पडली होती, हेही त्याच आनंदाच्या शेजारी लिहून ठेवले पाहिजे. सभ्यपणा हा सुबत्तेनंतर येतो, असे आमच्याकडे पुष्कळ सुशिक्षित लोक मानतात. त्यांनी एकदा तुमची गल्ली पाहायला हवी होती.

एक हिशोब मात्र बाकी होता. बँका बंद होत्या आणि बसवाल्यांनी भाडे कित्येक पटींनी वाढवले होते, तेव्हा तुम्ही तोबच्या, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायच्या तुमच्याकडच्या वस्त्राच्या, पदराची गाठ सोडून आमच्या हातात जे पौंड कोंबलेत, ते परत घ्यायला तुम्ही नेहमीच नकार दिलात. म्हणून ती रक्कम, थोडी भर घालून, मी तुमच्या भाच्याच्या स्वयंपाकघराला दिली आहे. रागावू नका, पावती तुमच्या नावाने करायला सांगितले आहे.

आपला,
पलीकडच्या खोल्यांतला एक भाडेकरू