लाज कुणाची, ते आधी ठरव

ताईस सप्रेम सलाम,

फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. इथली रात्र म्हणजे तुझी सकाळ, आणि सकाळच्या गडबडीत असला विषय मावत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. तू विचारलंस की तुझ्याकडे प्रार्थनेला येणाऱ्या बाईंना क्षमेची सगळी वचनं तोंडपाठ आहेत, मग जुन्या गोष्टीची लाज सुटत का नाही? विश्वास कमी पडतो का?

विश्वासावर इतक्या लवकर येऊ नकोस. बरेचदा औषध खरं असतं, पण भलत्याच दुखण्यावर लावलेलं असतं. अपराधी मन म्हणतं, 'मी हे केलं.' लाज म्हणते, 'मी अशीच आहे.' पहिल्याला क्षमा लागू पडते. दुसरीला क्षमा नुसती ऐकवून भागत नाही, कारण लाजलेल्या माणसाला वाटत असतं की देवानं क्षमा केली खरी, पण तोंड फिरवूनच केली असणार. शिवाय लाजेतली सगळी लाज आपली नसतेच. म्हणून त्यांच्यासोबत बसशील तेव्हा आधी वाटणी कर.

एक कागद, तीन रकाने. पहिल्यात 'मी केलं', दुसऱ्यात 'माझ्यावर झालं', तिसऱ्यात 'नुसतंच चिकटलं'. अर्धा तास पुरतो. त्यांनीच लिहायचं, तू वाचायचं नाही.

तिसरा रकाना लवकर उरकतो. आजार, गरिबी, मूल न होणं, नापास होणं, बापाचं दारूचं व्यसन. बायबलमधल्या यहेज्केलाच्या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात स्पष्ट आहे की बापाच्या पापाचा भार मुलावर नाही, आणि योहान ९ मध्ये जन्मांध माणसाबद्दल शिष्य 'पाप कुणाचं, याचं की आईबापांचं?' असं विचारतात तेव्हा येशू दोन्ही पर्याय खोडतो. या रकान्यासाठी पश्चात्ताप करायला लावणं म्हणजे नसलेलं कर्ज फेडायला लावणं.

दुसऱ्या रकान्यापाशी थांब. चर्चच्या मंडळ्यांच्या हातून सर्वांत जास्त नुकसान इथंच होतं. २ शमुवेल १३ मध्ये राजा दाविदाची मुलगी तामार आपल्या सावत्र भावाला, अम्नोनाला, आधीच विचारते, मी ही लाज घेऊन कुठं जाऊ? अत्याचारानंतर ती डोक्यात राख घालून, अंगावरचा झगा फाडून रडत बाहेर पडते. सख्खा भाऊ अबशालोम म्हणतो, गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे. बाप दावीद संतापतो, पण काही केल्याची नोंद नाही. पुढं ती भावाच्या घरात उजाड होऊन राहते. पाप एकाचं, लाज दुसरीच्या पदरात, आणि ती तिथंच राहावी याची सोय घरच्यांनी केलेली. अशा लाजेची कबुली द्यायची नसते. ज्याची आहे त्याच्या नावावर ती लिहायची. प्रार्थनेतही शब्द बदलायचे. 'मला क्षमा कर' म्हणायचं नाही, 'माझ्यावर अन्याय झाला, तू साक्षी आहेस' असं म्हणायचं. विलापाची स्तोत्रं त्यासाठीच आहेत. आणि 'तू त्याला क्षमा केलीस की मोकळी होशील' हे वाक्य पहिल्या भेटीत कुणालाही म्हणू देऊ नकोस. क्षमा आणि समेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समेटासाठी समोरच्यानं कबूल व्हावं लागतं, बदलावं लागतं, आणि ज्याच्यापासून धोका आहे त्याच्या घरी जाऊन बसणं क्षमेत मुळीच येत नाही.

आता पहिला रकाना. लोक इथं लिहितात, 'मी फार वाईट आहे.' ही कबुली नव्हे, ही लाजच बोलते आहे, आणि तिला मोघमपणा फार आवडतो. कबुलीला क्रियापद लागतं. 'मी बहिणीचे पैसे घेतले, परत दिले नाहीत आणि विचारल्यावर चोरीला गेले असं सांगितलं.' काय केलं, कुणाशी केलं, किती काळ चाललं, आणि झाकायला कोणतं खोटं बोललं, एवढं आलं की पुरे. शेवटचा भाग हमखास राहून जातो, आणि जीव बहुतेक वेळा त्यातच अडकलेला असतो. 'पण' नंतरचं सगळं खोडायचं. दुसऱ्यांची पापं लिहायची नाहीत. शरीरसंबंधाची गोष्ट असेल तर नाव देण्यापुरतं लिहायचं, वर्णन नको.

मग स्तोत्र ३२ सावकाश वाचायला दे. दुसऱ्या वचनापर्यंत क्षमेसाठी तीन वेगळे शब्दप्रयोग येतात: अपराध उचलला गेला, पाप झाकलं गेलं, दोष हिशेबात धरला नाही. पुढं दावीद म्हणतो की गप्प राहिलो तेव्हा हाडं झिजली, आणि पाचव्या वचनात म्हणतो की मी माझा दोष झाकून ठेवला नाही. मूळ हिब्रूत पहिल्या आणि पाचव्या वचनात 'झाकणे' हे क्रियापद एकच आहे. त्यानं झाकणं सोडलं, मग देवानं झाकलं. दोघांचे हात एकाच वेळी त्या पांघरुणावर राहू शकत नाहीत. उत्पत्ती ३ मध्येही तोच क्रम आहे. आधी अंजिराची पानं शिवून केलेली सोय, मग 'तू कुठं आहेस?' हा प्रश्न, मग एकमेकांवर ढकलत का होईना पण कबुली, आणि शेवटी देवानं स्वतः करून घातलेले चामड्याचे अंगरखे. तुझ्या बाई वचनं म्हणतात ती बहुधा पानं अंगावर ठेवूनच. त्यात ढोंग नसतं, भीती असते.

ही भीती एकटीनं प्रार्थना करून जाईलच असं नाही. लाज माणसांच्या नजरेत जन्मते, तिला माणसाचीच नजर लागते. याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगितलंय ते मला यासाठीच वाटतं. पण कुणाजवळ, हे फार जपून ठरवायचं. येशूला धरून देणाऱ्या यहूदा या शिष्यानंही कबुली दिली होती. 'मी निर्दोष माणसाला धरून दिलं' हे त्यानं मुख्य याजकांना सांगितलं, ३० रुपये परत केले, आणि उत्तर मिळालं: त्याचं आम्हाला काय, तुझं तू पाहा. शब्द खरे होते, माणसं चुकीची होती.

ऐकणारं माणूस शक्यतो बाईला बाई, पुरुषाला पुरुष. नातलग नको. जिच्या तोंडून दुसऱ्यांच्या गोष्टी तुला कळल्या आहेत, ती तर नकोच. आधी सांगून वेळ घ्यायचा: तासभर हवा आहे, सल्ला नको आहे. गुप्ततेची मर्यादाही आधीच बोलून घ्यावी, कारण लहान मुलाला धोका असेल किंवा कुणाच्या जिवावर बेतत असेल तर ऐकणारीला गप्प बसता येणार नाही. कॅथलिक मंडळीत फादरांकडच्या पापनिवेदनाची गोष्ट वेगळी. तिथलं गुपित कोणत्याही कारणानं फोडता येत नाही. १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेनंच ते फोडणाऱ्या धर्मगुरूला याजकपदावरून काढून जन्मभर प्रायश्चित्तासाठी मठात ठेवायचं ठरवलं होतं. आपल्याकडे तशी चौकट नाही, म्हणून माणसाची निवडच चौकट.

ऐकणारी तूच असलीस तर 'एवढं काय त्यात!' म्हणू नकोस. धीर देण्यासाठी म्हटलं जातं, पण ऐकणारीला कळतं की हिला माझं ओझं दिसलंच नाही. तपशील विचारू नकोस. डोळे खाली घालू नकोस, अंगही आखडू नकोस. त्या शब्दांपेक्षा चेहराच जास्त वाचत असतात. त्यांचं संपलं की थोडं थांब, मग १ योहान १:९ त्यांचं नाव घेऊन मोठ्यानं वाच. देव क्षमा करायला विश्वासू आणि न्यायी आहे, असं तिथं म्हटलंय. 'दयाळू' हा शब्द अपेक्षित असतो, तिथं 'न्यायी' येतो, कारण किंमत वधस्तंभावर दिली गेली आहे आणि एकाच कर्जाची दोनदा वसुली न्यायात बसत नाही. वधस्तंभ ही लाज आणणारीही शिक्षा होती, उघड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. इब्री १२:२ म्हणतं की ख्रिस्तानं ती लाज तुच्छ मानली. मग कागद फाडून टाकायचा, त्यांच्याच हातानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना फोन कर, विसरू नकोस. सांगून टाकल्यावर पहिल्या रात्री हलकं वाटतं आणि सकाळी पोटात गोळा येतो: कशाला सांगितलं, आता ही मला कशी बघेल? हे जवळजवळ ठरलेलंच. फोनवर त्या विषयाचं काही बोलायचं नाही, नेहमीसारखं बोलायचं. पुढच्या आठवड्यात एकदा भेट. विषय त्यांनी काढला तरच काढायचा.

यानंतर भरपाई. आधी नव्हे! येशूच्या दृष्टांतातल्या उधळ्या पुत्रानं वाटेत तीन वाक्यं जुळवली होती, त्यातलं शेवटचं 'मला चाकरासारखं ठेवा' हे होतं. बापापुढं ते वाक्य आलंच नाही, बापानं मध्येच अंगरखा, अंगठी, जोडे मागवले. डुकरांमधून आलेला पोरगा, आणि अंघोळीचा उल्लेखसुद्धा नाही. भरपाई आधी करायला लावली की ती चाकरीची मजुरी होते. जकातदार जक्कयाच्या घरी येशू उतरायला निघाला त्यानंतर जक्कय उभा राहून अर्धी मालमत्ता आणि चौपट परतीचं बोलला. लेवीय ६ मध्ये हिशेब साधा आहे, मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा. पैसे, वस्तू, कुणाची केलेली बदनामी, जे परत करता येतं ते करायचं, आणि बदनामी जिथं केली तिथंच खोडायची. मात्र आपलं सांगणं ऐकून समोरची व्यक्ती नव्यानं जखमी होणार असेल, तर स्वतःच्या हलकेपणासाठी तिच्याकडे जाऊ नये. आणि क्षमा झाली म्हणून परिणाम टळतील असंही सांगू नकोस. संदेष्टा नाथानानं दाविदाला 'परमेश्वरानं तुझं पाप दूर केलं' हे सांगितलं, आणि त्याच बोलण्यात पुढचं दुःखही सांगितलं.

एवढं करूनही आठवण परत येते. वास, जागा, महिना, कशानंही. शिष्य पेत्रानं येशूची ओळख तीनदा नाकारली तेव्हा अंगणात कोळशाची शेकोटी होती. योहान २१ मध्ये किनाऱ्यावर येशूनं तशीच कोळशाची आग पेटवलेली आहे, आणि तो मूळ ग्रीक शब्द नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. तीन नकारांना तीन प्रश्न, प्रत्येक उत्तरामागं एक काम. 'तू असं का केलंस' हे एकदाही नाही.

तेव्हा आठवण आली की त्यांनी स्वतःला एकच विचारावं: यात करायचं काही उरलंय का? उरलं असेल तर ते ठोस असेल, करून टाकावं. काहीच नेमकं सापडत नसेल, नुसतं 'तू अशीच' एवढंच ऐकू येत असेल, तर तो दोष लावणारा आवाज पवित्र आत्म्याचा नव्हे. १ योहान ३:२० त्या क्षणासाठी आहे: आपलं मन आपल्याला दोषी ठरवतं तेव्हा देव आपल्या मनाहून मोठा आहे. तीच कबुली पुन्हा द्यायची नाही. संत इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसाला याच चक्रात सापडले होते. जुनी पापं पुन्हा पुन्हा सांगायचे. अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांग, असं त्यांना सांगितलं गेलं, तर त्यांना सगळंच स्पष्ट वाटायचं! शेवटी जुन्याची कबुली बंद केली, तेव्हा सुटले. कुणी रोज येऊन 'खरंच क्षमा झाली ना?' विचारत असेल, तर दर वेळी 'हो' म्हटल्यानं ती गरज वाढतच जाते. तिथं मानसोपचार तज्ज्ञ हवा. झोप उडालेली असेल, जुना प्रसंग डोळ्यांपुढं पुन्हा घडत असेल, मरणाचे विचार येत असतील, तरीही डॉक्टर हवाच, आणि मरणाच्या विचारांना पुढच्या रविवारपर्यंत थांबायचं नाही. चालू गोळ्या प्रार्थनेच्या भरवशावर बंद करायला कुणी सांगितलं तर त्याला तिथंच थांबव.

आणि साक्षीसाठी, म्हणजे मंडळीपुढं आपला अनुभव सांगायला, त्यांना उभं करू नका. निदान वर्षभर तरी नाही. त्यांनी स्वतः मागितली तरी आधी विचार, कुणाकुणाची नावं त्यात ओघानं येतील?

पुढच्या वेळी भेटलीस की कागदापासून सुरुवात कर. अडलं तर तुझ्या रविवारी रात्री फोन कर, तेव्हा मी जागी असते. फक्त बाईंचं नाव मला सांगू नकोस, मी विचारलं तरी.

तुझी धाकटी