कोयत्याबरोबर गोळ्याही जाऊ द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी औषधांचं दुकान चालवतो. आई-वडिलांनी आयुष्यभर ऊस तोडला, त्यातून मला फार्मसी शिकवली. त्यामुळे काउंटरच्या पलीकडे उभा असलेला माणूस आमच्याच घरातला आहे, असं समजून हे पत्र लिहितोय.

दसरा जवळ आला की दुकानात ऊसतोडीला निघणाऱ्यांची एक ठरावीक गर्दी सुरू होते. अंगदुखीच्या गोळ्या, बाम, पोरांना तापाचं औषध, जखमेला लावायचं मलम. पाच महिन्यांची बेगमी चाललेली असते. त्या सामानात कुणीतरी हळूच बीपीची चिठ्ठी पुढे करतं. "किती देऊ?" विचारलं की उत्तर येतं, "दहा द्या." पाच महिने बाहेर राहणार, दहा गोळ्यांनी काय होणार? "बघू तिकडं." मग मी कात्री घेतो, पंधराच्या पाकिटातल्या दहा कापून देतो आणि उरलेल्या पाच खणात टाकतो. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, तोवर घरातच खर्ची पडलेली असते. तेल-मीठ आधी आणि गोळी शेवटी, हा हिशेब मी लहानपणापासून पाहिलाय.

जे सरकारी दवाखान्यातून औषध घेतात त्यांना पैसे पडत नाहीत. 15 ऑगस्ट 2023 पासून आपल्या विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, त्याचा आमच्या भागाला खरोखर आधार झाला. पण तिथेही गोळ्या मिळतात त्या महिन्याच्या. गावात राहणाऱ्याला ते ठीक. ऊसतोडीला जाणाऱ्याच्या गोळ्या दिवाळीच्या आगेमागे संपतात आणि तो गावी परततो गुढीपाडव्याच्या सुमारास.

मधल्या काळात तिकडच्या दवाखान्यात का जात नाहीत, असं मला शहरातल्या मित्रांनी विचारलंय. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक जण दवाखान्यात गेला की दुसऱ्याचंही काम अडतं आणि त्या दिवसाचा खाडा लागतो, म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर कापतात. पहाटे चारला फडात, रात्री-अपरात्री गाडी भरायला. दवाखाना सकाळी उघडतो तेव्हा माणसं मोळ्या बांधत असतात. फुकटची गोळी आणायची म्हटलं तरी ती दिवसभराच्या मजुरीएवढी महाग पडते.

माझ्या धाकट्या चुलत्यांना बीपी निघाला तेव्हा त्यांचं वय 44 होतं. 30 गोळ्या आणि एक कार्ड घेऊन ते निघाले. तीन वर्षं हेच चाललं: गावात असेपर्यंत गोळ्या, फडात गेलं की बंद. तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत पहाटे छातीत कळ आली. पित्त असेल म्हणून सोडा पाजला. घाम थांबेना तेव्हा ट्रॅक्टरवर घातलं. तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यांची पिशवी घरी आली, तेव्हा चुलतीने ती माझ्याच हातात दिली. त्यात ते कार्ड होतं, प्लास्टिकच्या कागदात नीट गुंडाळून ठेवलेलं. त्या हंगामातली एकच नोंद, ऑक्टोबरची. 168 वर 104. त्याखालच्या सगळ्या रेघा कोऱ्या.

कुणा डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांनी नियमाप्रमाणे महिन्याचं औषध दिलं. माझं म्हणणं त्या नियमाबद्दल आहे.

हृदयविकाराबद्दल जगाने खूप अभ्यास केलाय आणि त्यातला बराचसा आपल्याला थेट लागू पडतो. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासात 52 देशांतले अटॅक आलेले आणि न आलेले मिळून सुमारे 30 हजार लोक तपासले. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातली चरबी, पोटाचा घेर, मनावरचा ताण अशा नऊच गोष्टी पहिल्या अटॅकच्या बहुतेक धोक्याच्या मुळाशी निघाल्या. त्याच अभ्यासात आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी 53 व्या वर्षी आलेला दिसला, इतर देशांत तो 59 च्या आसपास होता. नुसती तंबाखू चघळणाऱ्यांनाही अटॅकचा धोका दुपटीहून जास्त होता. आमच्याकडे बायका मिश्री लावतात, पुरुष तंबाखू मळतात, आणि विडी ओढत नाही म्हणजे आपण सुटलो असं समजतात.

मग उपचारांचं काय? रक्तदाबावरच्या सव्वाशेच्या आसपास चाचण्या एकत्र करून 2016 साली हिशेब मांडला गेला. वरचा आकडा 10 ने खाली आला तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार 17 टक्क्यांनी आणि लकवा 27 टक्क्यांनी कमी होतो. 10 हा आकडा मोठा नाही. अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची स्वस्तातली गोळी रोज एक नियमाने घेतली तर बहुतेकांना तो गाठता येतो. अट एवढीच की ती रोज पोटात गेली पाहिजे.

आणि अटॅक आल्यावर? भारतातल्या 50 शहरांतल्या दवाखान्यांत 20 हजारांवर रुग्णांची नोंद ठेवून केलेला एक अभ्यास 2008 साली छापून आला. त्यात निम्म्या रुग्णांना कळ सुरू झाल्यापासून दवाखान्यात पोचायला सहा तास किंवा त्याहून जास्त लागले होते. गरिबांना ठरलेली औषधं कमी मिळाली आणि महिन्याभरात त्यांच्यात मृत्यूही जास्त झाले. हे डांबरी रस्ते असलेल्या शहरांतल्या दवाखान्यांचं. रात्री दोनला उसाच्या फडातून निघणाऱ्या माणसाला किती तास लागतील? सरकारी आरोग्य योजनेतून मोफत प्लास्टी, म्हणजे हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडण्याचा उपचार, होते, ही मोठीच गोष्ट आहे. पण प्लास्टी करणाऱ्या दवाखान्यापर्यंत जिवंत पोचावं लागतं. फडातल्या माणसाला वाचवायचं तर त्याच्या खिशातली गोळीच त्याला वाचवू शकते.

बायकांबद्दल वेगळं सांगायला हवं. 2019 साली बीडमधल्या गर्भपिशव्या काढण्याचा विषय विधिमंडळात गाजला. नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ऊसतोडीला जाणाऱ्या 82 हजारांवर बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, त्यातल्या कितीतरी ऐन तरुण. त्यावर बोललं गेलं ते कंबरदुखी आणि अशक्तपणाबद्दल. हृदयाबद्दल फारसं कुणी बोललं नाही. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली किंवा पाळी चाळिशीच्या आत कायमची थांबली, तर हृदयविकाराचा धोका वाढतो, हे संशोधनाने दाखवलंय. म्हणजे ज्या बाईला आपण पस्तिशीची, धडधाकट समजतो तिची जोखीम वयापेक्षा पुढे गेलेली असू शकते. वर मिश्री, वर पहाटेपासून डोक्यावर मोळ्या. अशी बाई दुकानात आली की ती डोकेदुखीची गोळी मागते. बीपी कधी मोजलाय का विचारलं तर हसते. माझ्याकडे एक मशिन आहे, मी तिथेच बसवून मोजतो. 170, 180 असे आकडे बघून माझाच हात थांबतो.

महोदय, मी मागतोय ते असं.

ऊसतोडीला निघण्याआधी कामगारांची तपासणी व्हावी, हे 2019 पासून सांगितलं जातंय. ती तपासणी गणपतीच्या सुमारास सुरू करा. तिशीच्या वरच्या प्रत्येकाचा बीपी मोजा. ज्याला औषध लागतं त्याला तेव्हाच सुरू करा, महिन्याने परत बोलवा, डोस बसवा. निघायच्या आठवड्यात ज्याचा बीपी आटोक्यात आहे त्याच्या हातात पूर्ण हंगामाच्या गोळ्या द्या. पाच महिने म्हणजे 150 गोळ्या, दहाची 15 पाकिटं. मी मोजून पाहिलंय, चहा पावडरच्या पाव किलोच्या डब्यात आरामात बसतात. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, तवा-परातीच्या शेजारी तो डबा राहील.

"पाच महिन्यांच्या गोळ्या एकदम कशा देणार?" ही शंका येणारच, आणि ती रास्त आहे. पण कोविडच्या वेळी, एप्रिल 2020 मध्ये, केंद्र सरकारनेच बीपी-शुगरच्या रुग्णांना तीन महिन्यांपर्यंतचं औषध एकदम द्यायला मुभा दिली होती. तेव्हा रस्ते बंद होते म्हणून दिली. आमच्या माणसांना दरवर्षी पाच महिने दवाखान्याचा रस्ता बंदच असतो. ज्यांचा बीपी अजून आटोक्यात नाही, किंवा ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांना तीन महिन्यांचं द्या आणि पुढची तपासणी कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राकडे लेखी सोपवा.

औषध कोणतं, हे तज्ज्ञांनी ठरवायचं. काउंटरवर जे दिसतं ते मात्र सांगतो. नुसत्या अ‍ॅम्लोडिपिनने काहींचे पाय सुजतात आणि लोक कुणाला न विचारता गोळी सोडतात. सोबत टेल्मिसार्टन ही बीपीची दुसरी गोळी असली की ही सूज कमी होते. पण टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाही, बाळाला धोका असतो. मूल होण्याच्या वयातल्या बाईला पाच महिन्यांसाठी पाठवताना हे विचारून, समजावून मगच औषध ठरवावं. लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळ्यांचंही तसंच. उन्हात दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसाच्या अंगातलं पाणी आणि क्षार आधीच कमी झालेले असतात. आणि शक्य तिथे दोन औषधं एकाच गोळीत द्या. इराणच्या गोलेस्तान प्रांतात 6,838 गावकऱ्यांवर केलेल्या चाचणीत चार औषधं एकत्र असलेल्या एका गोळीने अटॅक-लकव्यासारख्या घटना 34 टक्क्यांनी कमी झाल्या. हे 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा एकत्रित गोळ्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या. ज्यांना एकदा अटॅक येऊन गेलाय त्यांच्यासाठी तर अशी गोळी आपल्या खरेदीच्या यादीत असायलाच हवी. चार पाकिटांतल्या चार वेगळ्या गोळ्या अंधारात कोपीत कुणी ओळखून घेत नाही. एक गोळी घेतात.

आपल्या राज्याला हे काम नवीन नाही. रक्तदाब नियंत्रणाचा देशातला मोठा उपक्रम 2018 च्या सुमारास पाच राज्यांत सुरू झाला, तेव्हा त्यात आपले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा होते. ठरलेली औषधं, ठरलेला क्रम, प्रत्येकाचं कार्ड, मोबाइलवर नोंद, आणि न आलेल्याला फोन. ती घडी बसलेली आहे. तिच्यात फिरत्या माणसाची सोय तेवढी करायची. बीडच्या कार्डावर कोल्हापूरच्या, सांगलीच्या केंद्रात विनाप्रश्न गोळी मिळाली पाहिजे. कर्नाटकात जाणारे कमी नाहीत, तेव्हा कार्डावर औषधाचं नाव कन्नडमध्येही छापा, आणि त्या सरकारशी आपण बोला.

एक गोष्ट संशोधनाची. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ऊसतोड कामगारांच्या मुलखातच उभं आहे. त्यांना सांगा: काही गावांतल्या लोकांना पूर्ण हंगामाच्या गोळ्या द्या, काही गावांत सध्याचीच पद्धत ठेवा, पाडव्याला सगळे परतले की दोन्हीकडे बीपी मोजा. पिशवी काढलेल्या बायकांची नोंद वेगळी ठेवा. एका हंगामात उत्तर मिळेल. माझं म्हणणं चुकीचं ठरलं तर तेही कळेल, आणि तो आकडा लोकांसमोर ठेवा. अशा पाहणीसाठी बीपीचं मशिन घेऊन मी आणि आमच्या गावचे आणखी काही दुकानदार आठवड्याचे दोन दिवस विनामूल्य यायला तयार आहोत.

माझी चुलती अजून ऊसतोडीला जाते, आता थोरल्या मुलाबरोबर कोयता धरून. तिलाही बीपी आहे. गेल्या वर्षी मी तिच्या चिठ्ठीवर पाच महिन्यांच्या गोळ्या लिहून घेतल्या, डब्यात भरून दिल्या आणि झाकणाला आतून एक कॅलेंडर चिकटवलं. परत आली तेव्हा त्यावर रोजची एक फुली होती. मधले नऊ दिवस रिकामे होते, त्या दिवसांत कोपी हलवली होती म्हणाली. बीपी भरला 134 वर 84.

यंदाच्या गाड्या दसऱ्यानंतर निघतील. त्याआधी आदेश निघावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक औषधविक्रेता, जिल्हा बीड