ठासणीच्या बंदुकीनं डुक्कर मरत नाही, पळतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या अंकात निफाडकडच्या एका वाचकाचं पत्र आलं होतं, शेतकऱ्याला बंदुकीचं लायसन द्या, डुकरांचा आणि बिबट्याचा प्रश्न महिन्यात मिटतो की नाही बघा म्हणून. त्यांचा राग मला कळतो, रात्रीची लाइट आली की उसाच्या कडेनं मोटर चालू करायला जाणाऱ्या माणसाला मी काय शहाणपण शिकवणार. पण अख्ख्या पत्रात बंदूक कुठली, गोळी कुठली, याचा एक शब्द नाही. जसं काही चाप ओढला की जनावर खल्लास. मी तीस वर्षं टार्गेट शूटिंग केलंय, शिकार एकही नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हा शाळेत होतो आणि शिकार बंद झाली ते बरंच झालं असं माझं मत आहे.

त्याच्या आधीचं एक मात्र डोळ्यासमोरून जात नाही. हरसूलच्या बाजूला आमची नागलीची शेती होती आणि तात्यांकडे, म्हणजे माझ्या थोरल्या काकांकडे, बारा बोअरची दुनळी बंदूक. एका रात्री माळ्यावरून त्यांनी चाळीसेक पावलांवरच्या डुकराला एसजीचं, म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांचं काडतूस मारलं. डुक्कर बसलं, उठलं, करवंदीच्या जाळीत घुसलं ते गेलंच. दोन दिवस गडी शोधत होते, तिसऱ्या दिवशी वासावरनं सापडलं, ओहोळाच्या अंगाला. तात्या एवढंच बोलले, "छर्‍यानं डुकराला नुसती खाज सुटते."

त्यांच्या बोलण्यात चूक काहीच नव्हती. छर्रा गोल असतो, हलका असतो, लांब गेला की पसरतो आणि त्याचा जोर लवकर मरतो, आणि मोठ्या नराच्या खांद्यावर चिलखतासारखा चिवट जाड थर असतो, त्यात तो अडकून बसतो. आणि गंमत बघा, १९५९ च्या शस्त्र कायद्यात १३ व्या कलमात पीक संरक्षणासाठी म्हणून नाव घेतलंय ते ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातनं दारू-छर्रे ठासून भरायच्या बंदुकीचं! तात्यांच्या दुनळीपेक्षाही गेलेली. आणि लायसन मिळालं म्हणजे गोळी घालायची परवानगी मिळाली असं नाही, ती वन्यजीव कायद्याच्या ११ व्या कलमाखाली वेगळीच घ्यावी लागते, हे त्या वाचकांनी ध्यानात घ्यावं.

आता कोणी म्हणेल मग मोठी रायफल द्या. इथंच लोक फसतात. गोळीचा जोर ज्यूलमध्ये मोजतात, वजन आणि वेग यांचा हिशोब, त्यात वेगाचा वर्ग होतो म्हणून वेग दुप्पट झाला की जोर चौपट. आपली प्रॅक्टिसची पॉइंट टू टू, म्हणजे इंचाच्या बावीस शतांश जाडीची छोटी गोळी, साधारण १९० ज्यूल, ससा मरेल, डुक्कर मरणार नाही. थर्टी ओ सिक्स, म्हणजे १९०६ सालची अमेरिकन लष्करी गोळी, १८० ग्रेन वजनाची घेतली तर नळीच्या तोंडाशी ३९०० च्या आसपास, तिनं सांबर काय रोहीसुद्धा जागेवर बसेल. जर्मनीत तर कायद्यातच लिहिलंय, हरणातलं सगळ्यात लहान रो डिअर सोडलं तर बाकी खुराच्या जनावराला किमान ६.५ मिलिमीटर जाडीची गोळी आणि १०० मीटरवर २००० ज्यूल पाहिजेत. नामिबियात जनावराच्या आकारानुसार १३५०, २७०० आणि ५४०० अशा पायऱ्याच केल्यात. आपल्याकडं ३०३ (हा आकडा इंचाच्या हजारांशात गोळीची जाडी) सामान्य माणसाला बंद आहे, आपल्याच लष्कर-पोलिसांची गोळी म्हणून, लायसनवर मिळतात त्यात मुख्य म्हणजे ३१५ आणि थर्टी ओ सिक्स, आणि खरं सांगायचं तर डुकराला दोन्ही भरपूर झाल्या.

पण आकडा म्हणजे सगळं नाही. जिम कॉर्बेटना १९०७ साली चंपावतची वाघीण मारल्याबद्दल जी रायफल भेट मिळाली ती रिग्बी कंपनीची २७५ होती, म्हणजे ७ मिलिमीटर, आजच्या हौशी लोकांना ती खेळणं वाटेल. त्याच गोळीनं बेल नावाच्या शिकाऱ्यानं आफ्रिकेत शेकड्यानं हत्ती पाडले, कारण त्याला हत्तीचा मेंदू नेमका कुठल्या कोनातून कुठं येतो ते पाठ होतं. आता बेलचं बघून दुसऱ्या कोणी तसं करायला जाऊ नये, तो नेम शंभरात एकाचा. उलटं पण तितकंच खरं, आमच्या रेंजवर एक पोरगं उसनी जड रायफल घेऊन आलं होतं, तिनं खांद्याला दोनदा लाथ मारली आणि तिसऱ्या वेळेपासून ते चाप ओढायच्या आधी डोळे मिटायला लागलं. त्याच्या हातात ३७५ मॅग्नमसारखी जबर रायफल दिली तरी गोळी पोटातच जाणार, आणि पोटात गोळी लागलेलं जनावर तासन्‌तास मरत नाही. पुढच्या पायाच्या मागं काळीज-फुप्फुसाची जागा असते, बिबट्याची तर आपल्या हाताच्या पसरल्या पंजाएवढी, तिथं दर वेळी गोळी घालता येईल अशी जी सगळ्यात जोरदार रायफल, ती तुमची.

माझा भाचा स्वीडनला असतो, तिकडं दरवर्षी एल्क नावाच्या मोठ्या हरणाची शिकार होते, जनावर घोड्याएवढं, आणि बरेच लोक अजून जुनी ६.५ चीच रायफल वापरतात. तो सांगतो, नियम असा की जनावर जखमी होऊन पळालं तर माग काढायला शिकवलेला कुत्रा दोन तासांत जागेवर पोचला पाहिजे. फिनलंडमध्ये शिकारीआधी परीक्षा, ७५ मीटरवर चार गोळ्या २३ सेंटिमीटरच्या गोलात. आपल्याकडं किती जण पास होतील? मला माझीच खात्री नाही आता, चष्म्याचा नंबर बघता.

गोळी कुठली हे तर कोणीच बोलत नाही. १८९९ साली हेगला ठरलं की युद्धात शरीरात फुलणारी गोळी वापरायची नाही, ती क्रूर, आपल्या कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्याचं नाव त्या गोळीला कायमचं चिकटलं. शिकारीत बरोबर उलटं आहे, तांब्याच्या पूर्ण आवरणाची लष्करी गोळी जनावरातून आरपार जाते आणि ते मैलभर पळून कुठंतरी झुडपात मरतं, म्हणून तिथं मऊ टोकाची, आत जाऊन फुलणारी गोळीच दयेची. कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, बरोबर आणि गोळीचा प्रकार चुकीचा असली तरी तात्यांच्या डुकराचंच होणार.

आणि निफाडची जमीन सपाट. थर्टी ओ सिक्सची चुकलेली गोळी तीन किलोमीटरच्याही पुढं जाऊ शकते, आणि रात्री तिथं द्राक्षाच्या बागेत, कांद्याच्या वाफ्यात माणसं पाणी भरत असतात हो. म्हणून परवानगी कधी दिलीच तर माचाणावरनं, खाली मातीत जाईल अशीच गोळी, आणि परवान्यावर जनावराच्या नावाखाली किमान कॅलिबर, गोळीचा प्रकार, परीक्षा पास असलेला नेमबाज आणि माग काढायची सोय एवढं लिहून द्यावं. २०१८ ला यवतमाळला अवनी वाघीण मारली तेव्हा कोणी मारली, रात्री का मारली यावर महिनाभर भांडणं झाली, गोळीवर कोणी बोलल्याचं मला तरी आठवत नाही. बिबट्याचं मी मुद्दाम फार बोललो नाही, त्याला आधी पिंजरा आणि बेशुद्ध करायचा डार्टच.

आपला,
एक जुना वाचक, देवळाली कॅम्प

ता. क. त्या पत्राशेजारी छापलेल्या फोटोत माणसाच्या खांद्यावर दुनळी बारा बोअर आहे आणि खाली "रायफलधारी शेतकरी" लिहिलंय. दुनळीला गुळगुळीत नळी असते, रायफलच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात. दुरुस्ती छापली तर बरं होईल.