यकृत प्रत्यारोपणानंतर डॉप्लर तपासणी चुकवू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अवयव घेऊन निघालेली रुग्णवाहिका ‘ग्रीन कॉरिडॉर’मधून किती मिनिटांत पोहोचली, हे वर्तमानपत्रांत सविस्तर छापून येते, रुग्ण नवे यकृत घेऊन घरी परतल्यावर काय सांभाळावे लागते, याविषयी मात्र क्वचितच वाचायला मिळते. माझ्या धाकट्या भावाच्या यकृत-धमनीत प्रत्यारोपणानंतर चौथ्या महिन्यात अरुंदपणा आढळला, म्हणून हे पत्र.

यकृताला बहुतांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळते आणि धमनीचा वाटा जेमतेम पाव हिश्शाचा असतो. परंतु पित्तनलिकांचे पोषण प्रत्यारोपणानंतर जवळजवळ सर्वस्वी याच धमनीवर चालते. रक्त कमी पडले की त्या आक्रसतात, जंतुसंसर्ग होतो, आणि गुठळी होऊन धमनी बंदच पडली तर नवे यकृत गमावण्याचीही वेळ येऊ शकते. आपल्याकडे बहुतेक प्रत्यारोपणांत जिवंत दात्याच्या यकृताचा भाग बसवतात. त्याची धमनी अवघी २-३ मिलिमीटर रुंदीची असते, तेव्हा रुग्णाच्या धमनीला जिथे ती टाक्यांनी जोडतात, तिथे ती कधी आकसली तर नवल नाही.

भावाला ना ताप होता ना कावीळ, फक्त रक्तातील एन्झाइम थोडे वाढले होते. तालुक्याच्या गावी सोनोग्राफी केली, तिचा अहवाल ‘यकृत सामान्य’ असा आला. डॉप्लर, म्हणजे धमनीतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, वेगळी सांगून करून घ्यावी लागते, हे आम्हाला ठाऊकच नव्हते. पुढे शहरात डॉप्लर आणि सीटी अँजिओग्राफी झाली, तेव्हा खरे कारण कळले. पुन्हा पोट उघडणार या धास्तीने आईने अन्न सोडले होते. प्रत्यक्षात इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टनी मांडीच्या धमनीतून बारीक नळी यकृतापर्यंत नेली, हृदयाच्या अँजिओप्लास्टीत वापरतात तसल्याच लहान फुग्याने अरुंद जागा रुंद केली आणि तिथे स्टेंट बसवला. तिसऱ्या दिवशी भाऊ घरी आला.

हा उपचार निर्धोक आहे असे मुळीच नाही. धमनी फाटू शकते, आणि टाके ताजे असताना हा धोका अधिक असतो. शिवाय ती पुन्हा अरुंदही होते. म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आणि ठरावीक काळाने डॉप्लर यांतून सुटका नाही.

प्रत्यारोपण केंद्रांनी डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या वेळांप्रमाणेच डॉप्लरच्या तारखा मराठीत लिहून द्याव्यात, आणि गावच्या सोनोग्राफी केंद्रासाठी ‘यकृत-धमनीचा रक्तप्रवाह तपासावा’ अशी स्पष्ट चिठ्ठी सोबत जोडावी, एवढीच विनंती.

आपला,
एक वाचक, जि. सातारा