बाबा, टिंगल कोणाची ते तरी ऐका

आई, बाबा,

परवा फोनवर बाबा जे बोल्ले ते डोक्यातून जाऊनच नाही रायलं, म्हणून हे लिहून रायलो. व्हॉट्सॅपवर पाठवतो, ताईच्या पोरीकडून वाचून घ्या, ती मस्त वाचते. पारावर कोणीतरी म्हणे बाबांना ऐकवलं का तुमचा पोरगा टीव्हीवर आपल्याच वऱ्हाडी बोलीची टिंगल करते अन् वरून लुगडं नेसून नाचते. बाबा तिथं चूप रायले अन् मले विचारलं. विचारलं ते बरं केलं.

लुगड्याचं पहिले सांगतो, ते सोपं हाय. बाबा, तुमचं आजोळ भंडाऱ्याकडचं, तिकडं तमाशासारखी खडी गंमत पाहाले रातभर बसत होतो असं तुमीच सांगता ना? त्यात बाईचं काम गडीच करे अन् त्याले कोणी नावं ठेवत नव्हतं. अन् आई, ते 'चला हवा येऊ द्या' आठव. ज्या सागर कारंडेनं साडी नेसून लोकायले लोळवलं, तोच पोस्टमन होऊन अरविंद जगतापनं लिहिलेली पत्रं वाचे तवा तू पदर डोळ्याले लावून बसत होती. मग मी नेसलो तर काय झालं. निऱ्या मात्र मले अजून जमत नाही, ड्रेसवाली ताई टाचण्या मारून देते.

आता नकलेचं. लोकायले वाटते का आवाज काढला का झालं. आवाज सगळ्यात शेवटी येते बाबा. आधी तो माणूस श्वास कुठं घेते ते पाहाव लागते, वाक्य कुठं तोडते, बोलायच्या आधी काय करते. मागच्या महिन्यात एका पुढाऱ्याची नक्कल होती, दोन दिवस हेडफोन लावून त्याचीच भाषणं ऐकली पण काही केल्या तो माणूस सापडेच ना. मंग लक्षात आलं का तो आकडा सांगायच्या आधी थांबते, ओठ आत घेते, चष्मा वर ढकलते अन् मंग म्हणते "इतके कोटी". बस, तेवढंच पकडलं, आवाज अर्धाच जुळला होता तरी सेटवरचे लाइटवाले हसाले लागले, अन् लाइटवाले हसले म्हणजे पास, कारण ते दिवसभर हेच पाहून कंटाळलेले असतात. दाढी स्पिरिट गमनं चिकटवतात, काढताना गालाची साल निघते का काय असं वाटते. पैसे एपिसोडवर, अन् ते हातात पडाले दोन-तीन महिने जातात. म्हणून आई दर वेळी "पगार झाला का" विचारू नको.

जॉनी लिव्हर तर बाबांचा आवडता. तो आंध्रातल्या तेलुगू घरचा, खरं नाव जॉन राव, बापासारखाच हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात कामाले होता. तिथल्या कार्यक्रमात त्यानं आपल्याच साहेबायच्या नकला केल्या अन् तवापासून लोक त्याले जॉनी लिव्हर म्हणाले लागले. मले यातली गोष्ट आवडते ती ही का कामगारानं साहेबाची नक्कल केली. साहेबानं कामगाराची केली असती तर कोणाले हसू आलं असतं का?

पारावरच्या माणसाचं म्हणणं मले इथंच पटते, पण अर्धंच. माणसाची नक्कल अन् बोलीची नक्कल यात फरक हाय. अमरावतीकडचे भारत गणेशपुरे 'चला हवा येऊ द्या'मधी वऱ्हाडी बोलत तवा ते वऱ्हाडी बोलणारा एक हुशार, तिरपा, खवचट माणूस उभा करत, हसू त्या माणसाच्या डोक्यातून येई. त्यायच्यामुळंच तर माझ्यासारख्या पोट्ट्यायले मुंबईत कोणी उभं केलं. पण त्याच्यानंतर काय झालं का कुठल्याबी स्किटमधी वऱ्हाडी बोलणारा आला का तो घरगडी, नाही तर दारुडा, नाही तर पहिल्यांदा लिफ्ट पाहणारा. लिहिणाऱ्यायचा राग येत नाही मले, ते चांगले पोट्टे हायेत, पण त्यायनं यवतमाळ एसटीतूनबी पाह्यलं नाही. कागदावर साधं वाक्य लिहितात अन् चार ठिकाणी 'बे' टाकून देतात. आपल्याकडं म्हातारी बाई वाक्याचा शेवट कशी लांबवते, रागात माणूस उलटा कसा हळू बोलते, ते कागदावर येतच नाही. ते मी रिहर्सलमधी घालतो, कधी रायते, कधी डायरेक्टर म्हणते "अरे कळत नाहीये कोणाला".

तर या वेळी मी अडून बसलो. स्किट असं होतं का मुंबईचा बिल्डर गावात जमीन घ्याले येते अन् वऱ्हाडी शेतकरी येड्यासारखे प्रश्न विचारते. मी म्हटलं मले शेतकरी नको, स्किटमधी कलेक्टर हाय ना, तो वऱ्हाडी बोलू द्या. सगळे चूप. एक जण म्हणे, कलेक्टर असा बोलेल का? म्हटलं काहून नाही बोलणार, आपल्या तालुक्यातली पोरं कलेक्टर नाही होत का? लई वाद झाला, शेवटी चहा आला अन् लेखकच म्हणे करून पाहू. बाबा, काय मजा आली! मी एक शब्द गमतीचा बोल्लो नाही, नुसता फाइल पाहत, हळूहळू सातबाऱ्याचे प्रश्न विचारत गेलो, अन् जो बिल्डर करत होता त्याले असा घाम फुटला का लोक त्याच्यावरच हसून रायले.

कधी दाखवतील ते आजून ठरलं नाही, लांबलं तर एडिटमधी उडूबी शकते. उडलं तर त्या पारावरच्या काकांना आपल्या घरी चहाले बोलवा, फोन स्पीकरवर ठेवा, मी कलेक्टर अन् बिल्डर दोघंबी करून दाखवतो. अन् कापसाच्या वेचणीले बाया भेटल्या का ते कळवा, नाही भेटल्या तर पैसे वाढवून द्या, आईले वाकू देऊ नका.

तुमचाच