सोनू, तुझ्या वर्गाच्या फोटोतली नावं पाठव

प्रिय सोनू,

व्हॉट्सॅपवरच टाइप करत होते पण ते एवढं लांबलं की म्हटलं सरळ मेल करते. सावकाश वाच, पण उत्तर नीट दे, नुसता अंगठा पाठवू नकोस.

काल चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये आपल्या कोव्ह गावच्या शाळांचे जुने फोटो मांडले होते. बाबाची नाइट होती म्हणून मी एकटीच गेले, म्हटलं चार म्हाताऱ्या असतील, चहा पिऊन येऊ, तर आत पाय ठेवायला जागा नाही! लांब टेबलांवर फोटो, आणि प्रत्येक फोटोशेजारी एक कागद, त्यावर नुसत्या डोक्यांचे गोल काढून नंबर घातलेले, आणि सुतळीने बांधलेली पेन्सिल. ज्याला जो चेहरा ओळखू येईल त्याने त्या नंबरपुढे नाव लिहायचं. एवढंच. पण काय भांडणं गं! दोघी आज्या एका मुलीवरून अर्धा तास, ही थोरली की धाकटी, कारण तेव्हा एकेका घरात आठ-नऊ पोरं आणि सगळ्यांचं नाक एकच. शेवटी आपल्या समोरच्या घरातल्या आजी आल्या, त्यांनी चेहरा बघितलाच नाही, जम्पर बघितला. म्हणाल्या हा माझ्या आईने विणलेला, कोपरावरचं ठिगळ बघा, हा आधी मोठ्या बहिणीकडे होता, मग मधलीकडे, ठिगळ मधलीच्या वेळेला लागलं, म्हणजे ही धाकटीच. झालं, मिटलं भांडण. आणि त्यावरून फोटोचं सालपण ठरलं!

काही फोटोंत पुढच्या रांगेतल्या पोराच्या हातात पाटी असते, त्यावर वर्ग आणि साल. पण सगळ्यात नाही. आणि मुलगे वेगळ्या शाळेत, मुली नन्सच्या वेगळ्या, त्यामुळे सख्खी भावंडं एका फोटोत नाहीतच.

मला जास्त काय जाणवलं तर ज्या गोलांपुढे नाव नाही त्यांच्याबद्दल बोलताना सगळे एकच करतात, हात समुद्राकडे. हा गेला. ही पण गेली. कुठे, तर बोस्टन, लंडन, सिडनी, कधी कधी कुठे ते पण माहीत नाही. तू अॅनी मूरच्या पुतळ्याजवळ आइस्क्रीम खात फोटो काढलायस ना, ती २० डिसेंबर १८९१ ला इथनंच दोन धाकट्या भावांना घेऊन बोटीवर चढली आणि १ जानेवारी १८९२ ला न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांच्या केंद्रात, नोंद झालेली पहिलीच माणूस ठरली. १८४८ ते १९५० या काळात आयर्लंडमधून ६० लाखांवर लोक गेले म्हणतात, त्यातले २५ लाख आपल्या धक्क्यावरून. मग अर्ध्या गोलांपुढे नाव नसलं तर नवल काय.

आणि हे फक्त बोटीच्या जमान्यातलं नाही हां. १९७० नंतरच्या रंगीत फोटोंच्या टेबलाशी एक काका उभे होते, त्यांचे वडील रशब्रुकच्या वेरोल्म गोदीत कामाला. गोदी १९८४ ला बंद पडली आणि त्यांच्या वर्गातली कितीतरी घरं हलली. मग समोरच्या हॉलबोलिन बेटावरचा आयरिश स्टीलचा कारखाना. तो १९९६ मध्ये आपल्या मित्तलांच्या इस्पात कंपनीने नाममात्र एका पौंडाला घेतला आणि २००१ ला बंद झाला, चारेकशे लोकांच्या नोकऱ्या गेल्या. काका हे सांगता सांगता माझ्याकडे बघून एकदम थांबले आणि म्हणाले तुम्ही इंडियाच्या ना? मी म्हटलं हो, पण मित्तल आमच्या नात्यात नाहीत! हसले बिचारे. मग नेहमीचा प्रश्न, इथले पंतप्रधान होते त्या लिओ वराडकरच्या गावच्या का? आता काय सांगू, माझं माहेर कुडाळ, लिओच्या वडिलांचं वराड मालवण तालुक्यात, म्हणजे तसं शेजारीच, मी हो म्हणून टाकलं. लगेच बिस्किटांची प्लेट माझ्याकडे सरकली.

एका भिंतीवर फोटोवेड्या पाद्र्याची, फादर ब्राऊनची गोष्ट लावली होती, तुला सांगायचीच होती. त्याचे काका इथले बिशप, वर कॅथेड्रलमध्ये. त्यांनीच त्याला पहिला कॅमेरा दिला आणि १९१२ ला टायटॅनिकचं तिकीटपण, साउदॅम्प्टन ते क्वीन्सटाऊन, म्हणजे आपल्या गावापर्यंत, कोव्हचं तेव्हाचं नाव ते. बोटीवर एक श्रीमंत अमेरिकन जोडपं भेटलं, ते म्हणाले न्यूयॉर्कपर्यंत चल, पैसे आम्ही भरतो. याने वरिष्ठांना तारेने विचारलं तर उत्तर आलं, उतर त्या बोटीवरून. ११ एप्रिलला मुकाट्याने उतरला, म्हणून तो पण वाचला आणि बोटीवरचे फोटो पण. १९६० ला वारला, आणि त्याची निगेटिव्हची ट्रंक १९८५ ला कोणाच्या तरी हाती लागली, सुमारे ४२,०००! पंचवीस वर्षं नुसती पडून. बाबाला सांगितलं तर म्हणे आपल्या गूगल फोटोंचं पण तेच होणार, फक्त ट्रंक नाही.

आता मुद्द्याचं. लायब्ररीतली बाई म्हणाली आम्हाला अलीकडचेपण हवेत, कारण फोन आल्यापासून कोणी फोटो धुवून घेतच नाही. मी लगेच तुझा सेकंड क्लासचा देते म्हटलं. आठवतंय ना, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीचं वर्ष, सगळ्या पोरी पांढऱ्या फ्रॉकमध्ये परीसारख्या आणि तू धर्माच्या तासाला मागे बसून चित्रं रंगवणारी, पण फोटोत तुलापण पांढरंच हवं म्हणून रडून घर डोक्यावर घेतलंस. शेवटी आजीने पाठवलेला चिकनकारीचा कुर्ता कापून मी रात्री फ्रॉक शिवला, डावी बाही जरा वर गेली, फोटोत दिसतेय बघ. बाईंनी तुला कडेला उभं नाही केलं, मधोमध केलं, हे मी अजून विसरले नाहीये.

तर तो फोटो घेऊन बसले, गोल काढले, नंबर घातले, आणि २३ पोरींपैकी मला नऊच नावं आली. त्यातलीपण दोन टोपणनावं. पोलिश मुलगी, जिची आई पिएरोगीचा डबा पाठवायची, तिचं आडनाव काय? आणि ती दोन वेण्यांची नायजेरियन मुलगी, जी मध्येच शाळा सोडून गेली, कुठे गेली ते लोक, लिमरिक का? वरच्या रांगेत उजवीकडून तिसरी कोण, जिचे डोळे मिटलेत? तू म्हणशील आई इन्स्टावर बघते. बघ, पण आधी आठवून बघ, आणि नावं त्यांच्या आयांनी ठेवलेलीच पाठव, तुम्ही पाडलेली नकोत.

फोटो स्कॅन करून जोडलाय, नंबर पेन्सिलने घातलेत, दिसत नसतील तर सांग. सोमवारपर्यंत पाठव, त्या बाईला मंगळवारी द्यायचंय. आणि शुक्रवारी गॉलवेहून येताना कॉर्कला कितीला पोचतेस ते कळव, कोव्हची लोकल चुकली तर बाबा घ्यायला येईल, त्याला दिवसाची शिफ्ट आहे. पोहे करून ठेवू की थालीपीठ?

तुझी,
आई