जे छापून येत नाही, त्याचा हिशेब कोण ठेवणार?

संपादक महोदय,

निवडणुका जाहीर झाल्या की 'पेड न्यूज'वर, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुरावर, करडी नजर ठेवली जाईल अशा आशयाची बातमी बहुतेक सर्व दैनिकांत येते, जिल्हा पातळीवर माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती स्थापन झाल्याचे कळते आणि मतमोजणी आटोपल्यावर या समितीने नेमके काय केले, हे कोणी विचारत नाही. ही समिती ज्या पद्धतीने काम करते, त्यातच एक मोठी उणीव आहे, याकडे आपले लक्ष वेधण्यासाठी हे पत्र.

2009च्या विधानसभा निवडणुकीत आमच्या नांदेड जिल्ह्यातील भोकर मतदारसंघ याच विषयामुळे देशभर गाजला. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या कारकिर्दीचे गुणगान करणारा 'अशोकपर्व'सारखा मजकूर पानेच्या पाने भरून प्रसिद्ध झाला आणि एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांतून काही ठिकाणी तो जवळजवळ शब्दशः सारखा होता. उमेदवाराच्या खर्चाच्या हिशेबात मात्र वृत्तपत्रांतील जाहिरातींसाठी 5,379 रुपये दाखवलेले होते. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी हे प्रकरण उजेडात आणले. चव्हाण यांनी आरोप नाकारला. पुढे मे 2014मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिशेबाचा खरेखोटेपणा तपासण्याचा निवडणूक आयोगाचा अधिकार मान्य केला, जुलैमध्ये आयोगाने हिशेब नियमांप्रमाणे नसल्याचा निष्कर्ष काढला आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द ठरवला. कोण बरोबर होते, हा वाद मी येथे उकरून काढत नाही. पण हे सारे होईपर्यंत त्या विधानसभेची मुदत संपत आली होती, एवढे नमूद करणे भाग आहे. उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना याच कारणावरून तीन वर्षांसाठी अपात्र ठरवण्यात आले, तेही 2007च्या निवडणुकीबद्दल ऑक्टोबर 2011मध्ये.

या दोन्ही प्रकरणांत कारवाईचा रोख उमेदवारावर होता, आणि तो कायद्यामुळेच. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 10अ खर्चाच्या हिशेबापुरते बोलते; पैसे घेऊन मजकूर छापणारा त्यात कोठेच नाही. वृत्तपत्रांच्या आचरणावर देखरेख ठेवणारी भारतीय प्रेस कौन्सिल समज देऊ शकते, ताशेरे ओढू शकते, त्यापलीकडे तिच्या हाती काही नाही. या कौन्सिलच्या उपसमितीने वृत्तपत्रांची नावे घेऊन तयार केलेला सविस्तर अहवाल 2010मध्ये बाजूला ठेवला गेला आणि केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर 2011मध्ये लोकांसमोर आला. इतरांच्या पारदर्शकतेवर अग्रलेख लिहिणाऱ्या व्यवसायाला हे शोभले नाही.

आता मूळ मुद्दा. 'ठिकठिकाणी औक्षण', 'प्रचारफेरीला उत्स्फूर्त प्रतिसाद', 'विजयाची केवळ औपचारिकता बाकी' अशी, 'प्रतिनिधी' एवढ्याच नावाने येणारी बातमी पॅकेजमधली, म्हणजे उमेदवाराने ठोक पैसे मोजून घेतलेल्या प्रसिद्धीतली, आहे, हे आमच्याकडचा पानटपरीवरचा वाचकही ओळखतो. एकाच पानावर एकाच मतदारसंघातील दोन उमेदवार प्रचंड मताधिक्याने निवडून येत असतील तर ओळखायला फारसे कष्टही पडत नाहीत. अशा स्तुतीने मत फिरते असे मला वाटत नाही. खरे नुकसान पॅकेज न घेणाऱ्याचे होते, कारण त्याची सभा, त्याने पिण्याच्या पाण्यावर किंवा पीक विम्यावर विचारलेला प्रश्न, त्याने केलेला आरोप, यांतले काहीच छापून येत नाही आणि मग तो प्रश्न निवडणुकीत होताच, हेच मतदाराला कळत नाही. समिती छापलेला मजकूर मोजते, संशय आल्यास उमेदवाराला नोटीस निघते आणि जाहिरातीच्या दराने ती रक्कम त्याच्या खर्चात धरली जाते. न छापलेल्या बातमीचे रकाने कोणत्या दराने मोजणार?

याचे मूळ तालुक्याच्या वार्ताहरापाशी जाऊन पाहिले पाहिजे. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या या माणसाला वर्धापनदिनापासून नेत्याच्या वाढदिवसापर्यंत जाहिराती गोळा कराव्या लागतात आणि त्याची खरी कमाई बहुधा त्या कमिशनवर असते. जो उमेदवार जाहिरात देणार, त्याच्याविरुद्धची बातमी त्याच माणसाने पाठवावी, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. (गावोगावच्या यूट्यूब वाहिन्यांनी यात सुधारणा केली नाही, दर तेवढे उतरवले.)

पेड न्यूज हा निवडणूक गुन्हा ठरवावा, अशी शिफारस विधी आयोगाने मार्च 2015मध्ये केली होती. संसदेला सवड मिळेल तेव्हा मिळो. आपल्या दैनिकाला मात्र काही गोष्टी आजच करता येतील. निवडणूक काळात वार्ताहरांना जाहिरातीच्या कामातून पूर्ण मोकळे करावे. प्रचाराच्या प्रत्येक बातमीवर लिहिणाऱ्याचे नाव द्यावे. मतदानापूर्वी प्रत्येक मतदारसंघातील सर्व उमेदवारांना, अपक्षांसह, सारखेच प्रश्न विचारून त्यांची उत्तरे सारख्या जागेत छापावीत. आणि निकालानंतर महिनाभरात कोणत्या पक्षाकडून व उमेदवाराकडून जाहिरातींपोटी किती रक्कम मिळाली, हे पहिल्या पानावर जाहीर करावे. यांपैकी कोणती सूचना आपल्याला मान्य नाही आणि का, हेही छापलेत तर वाचक म्हणून मला ते वाचायला आवडेल.

आपला,
एक नियमित वाचक, नांदेड